पोत्यांना दिलेली नावं

आफ्रिकेतून मी परत आलो तो लंगडतच. गोळी डाव्या मांडीतून आरपार गेली होती. मेडिकल बोर्डानं मला फ्रंटसाठी अनफिट ठरवलं आणि माझं पोस्टिंग बेळगावला, ट्रेनिंग सेंटरवर झालं. हुद्दा हवालदार. काम एकच, नव्या रंगरुटांना संगीन शिकवणं. महायुद्ध ऐन जोरात होतं. माणसं हवी होती आणि लवकर हवी होती.

मी निपाणीचा. घर मराठी ख्रिस्ती, वडील मिशनच्या शाळेत मास्तर. पलटणीत आमच्यासारखे बोटावर मोजण्याइतके, म्हणून सगळे मला ‘पाद्री हवालदार’ म्हणायचे, रंगरुट ‘उस्ताद’. मला त्याचा राग नव्हता. पाद्र्याला शिव्या देता येत नाहीत आणि मला झकास देता येतात, हे सगळ्या ग्राउंडला ठाऊक होतं.

पेन्शनीत आल्यापासून लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात. तुमच्या प्रभूनं वैऱ्यावर माया करायला सांगितली, मग तुम्ही माणसं मारलीत कशी? विचारणारा बहुतेक माझाच चहा पीत असतो. मी सरळ सांगतो. मारली. आफ्रिकेत मारली. मारताना राग नव्हता. भीती होती आणि वरून ऑर्डर होती. त्याचा हिशेब मी देवापुढं रोज ठेवतो, चहाच्या कपापुढं ठेवणार नाही. पण माणूस माणसाला का मारतो हे मला लढाईत कळलं नाही. लढाईत विचार करायला कोण बसलंय! ते मला थोडंफार कळलं ते बेळगावच्या परेड ग्राउंडवर, गवत भरलेल्या पोत्यांपुढं. तेवढं सांगतो.

आमचा दिवस बिगुलानं सुरू व्हायचा. पी.टी., चहा, ड्रिल, मग माझा तास. ग्राउंडच्या कडेला लाकडी चौकटी होत्या. त्यांना गोणपाटाची पोती टांगलेली, आत भाताचं पिंजर ठासून भरलेलं. रंगरुटांनी रायफलीला संगीन लावून रांगेत उभं राहायचं. मी ओरडायचो, “ऑन गार्ड! इन! आऊट!” पुढं धावायचं, घुसवायची, उपसायची, परत जागेवर. ऐकायला सोपं वाटतं. पण नांगर धरलेली, म्हशी धुतलेली ती पोरं. संगीन पोत्यात घालताना अशी घालायची, जणू पोत्याला लागेल! मी म्हणायचो, “अरे, सासूच्या डोळ्यात काजळ घालतोस काय?” सगळे हसायचे आणि पुढचाही तसाच हळू घालायचा.

आमचे जमादारसाहेब गडहिंग्लजकडचे. जुना माणूस, मिशा पांढऱ्या, आवाज तोफेसारखा. ते म्हणायचे, “पाद्री, राग आल्याबिगर संगीन जात न्हाई. ह्यांना राग आण.”

राग कुठून आणायचा? तो पोरांनीच आणला, आणि तोही चेष्टेत. आपल्याकडं तंबाखूच्या, जोंधळ्याच्या रानात बुजगावणं उभं करतात, तसं एकानं कोळशानं पोत्यावर तोंड काढलं. डोळे, मिशा, वर चिंधीचा पटका. शेजारच्यानं विचारलं, “कोण रं ह्यो?” तो म्हणाला, “आमचा चुलता.” आणि “म्हाद्या!” म्हणून ओरडून त्यानं अशी संगीन घातली की चौकट करकरली. जमादारसाहेबांनी ते पाहिलं आणि खूश झाले. त्या दिवसापासून नेमच पडला. पोत्याला नाव द्यायचं, मोठ्यानं नाव घ्यायचं, मग मारायचं. नावाशिवाय संगीन चालवायची नाही.

संगिनी भराभर घुसायला लागल्या. पिंजर बाहेर पडायला लागलं. वरचे साहेब पाहायला आले, त्यांनाही आमचं स्क्वॉड पसंत पडलं.

मी मात्र नावं ऐकत होतो. चुलता. चुलतभाऊ. मेहुणा. बांधाला बांध असलेला शेजारी. खानापूरकडच्या एकानं थोरल्या सख्ख्या भावाचं नाव घेतलं. का, तर बांध हातभर सरकवला, मोटेची पाळी चुकवली, आंब्याचं झाड तोडलं. अख्ख्या स्क्वॉडमध्ये ‘जर्मन!’ म्हणून ओरडणारा एकच होता. बेळगावातल्या वकिलांच्या घरातला, मॅट्रिक झालेला पोरगा. त्याची संगीन इतकी मऊ जायची की पोतं हलायचंसुद्धा नाही. त्याचं जर्मनांशी वाकडं कुठं होतं?

ज्या माणसाला मारायला आम्ही ह्यांना साता समुद्रापार पाठवणार होतो, त्याचा ह्यांना राग नव्हता. राग घरचा होता. तोच आम्ही घासूनपुसून, धार लावून लढाईवर पाठवत होतो. हे ध्यानात आल्यावर मला दोन दिवस जेवण गेलं नाही. पण ऑर्डर ती ऑर्डर.

त्या स्क्वॉडमध्ये कोगनोळीच्या पलीकडल्या एका वाडीतले दोन चुलतभाऊ होते, मारुती आणि शिवा. दोघांचे बाप सख्खे भाऊ. मारुती शिवापेक्षा एका सुगीनं मोठा, अंगानं थोराड, बोलका. शिवा बारीक, काटक, घुम्या. दोघांत बोलणं नव्हतं. जेवणाच्या पंगतीत मिठाचा डबा मारुतीजवळ असला तर शिवा मधल्या माणसाला म्हणायचा, “मीठ दे म्हणावं त्येंला.” मारुती डबा मधल्याच्या हातात द्यायचा, तोंड वळवून. सगळे हसायचे. मीही हसायचो.

मारुतीनं आपल्या पोत्यावर डावी भुवई मधोमध तुटलेली काढली होती. शिवाची भुवई तशीच होती, लहानपणी बैलाच्या शिंगानं फाटलेली. “शिवा!” म्हणून ओरडायचा आणि घालायचा. आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं होतं. शिवानंही.

शिवाच्या पोत्यावर तोंड नव्हतं आणि शिवा नाव घेत नसे. मुकाट्यानं धावायचा, मुकाट्यानं घुसवायचा. जमादारसाहेब ओरडून थकले. “नाव घे रं! तोंडात काय मूग भरल्यात?” शिवा ताठ उभा राहायचा, पण शब्द फुटायचा नाही. मला वाटायचं, पोरगा माजोरी आहे.

एके दिवशी सकाळी जमादारसाहेबांना ऑफिसात बोलावणं आलं. स्क्वॉड माझ्या ताब्यात. रांगेच्या टोकाच्या पोत्याची दोरी तुटली होती, ती मी बांधत होतो. मारुतीची पाळी आली. तो धावला. “शिवा!” संगीन मुठीपर्यंत आत गेली. त्यानं पाय लावून ती उपसली आणि ऑर्डर नसताना पुन्हा घातली. “ही माझ्या आप्पांच्या खांद्याची!”

शिवा रांगेतून बाहेर पडला. रायफल हातात, संगीन लावलेली. आवाज अजिबात चढला नाही.

“पोत्याला कशाला मारतोस? मी हाय की हितं.”

मारुती वळला. दोघं समोरासमोर, ऑन गार्ड. मीच शिकवलेली पोझिशन. पाय बरोबर, कोपरं बरोबर, टोक गळ्याच्या रोखानं. चूक काढायला जागा नव्हती. बाकीच्यांनी कडं केलं.

माझ्याकडं हत्यार नव्हतं. पायानं पळता येत नव्हतं. माझ्याकडं आवाज होता. मी ओरडलो, “स्क्वॉड! अटेन्शन!”

टाचा एकदम वाजल्या. महिनोन्महिने घोटलेलं शरीर, डोक्याला विचारायला थांबत नाही. मारुतीही झटकन सावधान झाला. रायफल बाजूला, छाती पुढं, नजर समोर.

शिवा झाला नाही.

हुकूम देऊन मी एकाला बांधून दुसऱ्यापुढं उभा केला होता. शिवाच्या संगिनीचं टोक मारुतीच्या शर्टाच्या बटणाला टेकलेलं. मारुती हलेना. हलला तर हुकूम मोडतो, नाही हलला तर मरतो. पोरगा पक्का शिपाई झाला होता. त्याचे नुसते ओठ पांढरे पडले. मला त्याच्या आईचा विचार आला, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं.

मी लंगडत जवळ गेलो. घाई केली नाही. शिवाला हात लावला नाही. हात लावला असता तर ते टोक आत गेलं असतं. परेडचा आवाज सोडून, आपण घरात बोलतो तसं मी म्हणालो, “शिवा, नाव घे.”

तो माझ्याकडं बघेना.

“नाव घेतल्याबिगर मारायचं न्हाई. आपला नेम हाय. घे नाव, आन् मग काय करायचं ते कर.”

माझ्या मनात काही मोठी युक्ती होती असं समजू नका. मला फक्त वेळ काढायचा होता. मनात मी प्रभूचा धावा करत होतो, तोंडानं नेम सांगत होतो.

शिवाचे ओठ हलले. काही आलं नाही. कपाळावरून घाम तुटक्या भुवईत उतरला. मग आवाज आला, अगदी बारीक.

“अण्णा.”

मला तेव्हा उलगडा झाला. आमच्या भागात थोरल्या भावाला नावानं हाक मारत नाहीत. चुलत असो, सख्खा असो, अण्णा म्हणतात. बाकीच्यांनी रागात ती रीत मोडली होती, शिवाची जीभ वळत नव्हती. शिवाला बोलता यायला लागल्यापासून ह्या माणसासाठी त्याच्या तोंडात तेवढा एकच शब्द होता. भांडण झाल्यापासून त्यानं तो उच्चारला नव्हता. मारुती धाकट्याचं नाव पोत्याला खुशाल देऊ शकत होता. शिवाकडं द्यायला नावच नव्हतं. म्हणून पोरगा इतके दिवस मुकाट्यानं पिंजर फोडत होता.

टोक बटणावरून सरकलं. मारुती सावधानमध्येच होता, नजर समोर, डोळ्यांतून पाणी गळत होतं. तसाच तो म्हणाला, “रायफल खाली घे, शिवा. उस्ताद बघाय लागल्यात.”

शिवानं रायफल मातीत ठेवली आणि तिथंच बसला. गुडघ्यांत डोकं घातलं आणि हंबरडा फोडला. मी स्क्वॉडला पाठमोरं केलं. भावाभावांचं रडणं हा काही बघायचा तमाशा नव्हे.

जमादारसाहेब परत आल्यावर मी सगळं जसं घडलं तसं सांगितलं. लपवलं असतं तर दुसऱ्या तोंडानं वर गेलं असतं आणि शिवाचं कोर्टमार्शल अटळ होतं. साहेबांनी ऐकून घेतलं, मिशीवरून हात फिरवला.

“मेलं का कोण?”

“न्हाई, साहेब.”

“रगात?”

“न्हाई.”

“मग माझं डोकं कशाला खातोस? दोघांना रायफल डोक्यावर धरून ग्राउंडला फेऱ्या मारायला लाव, जीभ भाईर येस्तवर.” थोडं पुढं जाऊन ते थांबले. “आन् पोत्यांवरची थोबाडं पुसून काढ. उद्यापासनं नावं बंद.”

मी म्हणालो, “राग कसा आणायचा मग?”

“मला काय इचारतोस? पाद्री तू हायस!”

संध्याकाळी फेऱ्या मारून दोघं बॅरेकीच्या पायरीवर रायफली साफ करत बसले होते, हातभर अंतर ठेवून. मी चहाचे मग घेऊन गेलो. विचारलं, “झालं काय होतं रं तुमच्यात?”

मारुती म्हणाला, “नारळ.”

“कसला नारळ?”

“जत्रंचा. मानाचा.”

पूर्वी घर एक होतं तेव्हा जत्रेत देवाला घरचा एकच नारळ जायचा. वाटणी झाली, चुली वेगळ्या झाल्या आणि दोघा भावांनी दोन नारळ नेले. पुजाऱ्यानं मारुतीच्या बापाचा नारळ मान म्हणून आधी फोडला. शिवाच्या बापाचा बाजूला ठेवला आणि शेवटी गर्दीतल्या इतर नारळांबरोबर फोडला. तिथून तोंडं फिरली. पुढं बांध, पुढं गुरं, पुढं काठ्या. शिवानं आपल्या थोरल्या चुलत्याच्या, म्हणजे मारुतीच्या बापाच्या, खांद्यावर काठी घातली. म्हातारबांचा उजवा हात तेव्हापासून वर जात नव्हता.

“येका नारळापायी?” मी म्हणालो.

“नारळाचं काय घिऊन बसलाय, उस्ताद,” शिवा म्हणाला. “आमच्या आप्पांचं तोंड बघाय पायजे हुतं तवा. चारचौघांत.”

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. ही गोष्ट मी ऐकलेली होती. माझ्या वडिलांनी ती मला मांडीवर घेऊन सांगितलेली होती. मग मीही त्या दोघांना सांगितली. आमच्या शास्त्रातली पहिली दोन भावंडं. थोरला शेतकरी, धाकटा मेंढपाळ, आपल्या धनगरासारखा. दोघांनी देवापुढं आपापलं अर्पण ठेवलं. देवानं धाकट्याचं घेतलं, थोरल्याचं घेतलं नाही. थोरल्याचं तोंड उतरलं. देवानं त्याला समजावलंसुद्धा. पण तो धाकट्याला घेऊन रानात गेला आणि त्याला ठार केलं. जगात राजा नव्हता, फौज नव्हती, सरहद्द नव्हती. तरी पहिला माणूस मेला तो भावाच्या हातून, आणि मेला तो मानापायी.

मारुती म्हणाला, “द्येवानं येकाचंच का घेटलं?”

“ते मला बी म्हाईत न्हाई. ल्हानपणापासनं इचारतोय.”

“आन् मारणाऱ्याला? फाशी दिली?”

“न्हाई. गावोगाव भटकायची शिक्षा दिली. आन् त्येच्या अंगावर खूण केली, कुणी त्येला मारू नये म्हणून.”

शिवा बराच वेळ बोल्टवरून चिंधी फिरवत होता. त्यानं तेलाची बाटली उचलली आणि मारुतीपुढं ठेवली. मधल्या माणसाची गरज पडली नाही.

त्यानंतर मी पोरांना रागाशिवाय संगीन शिकवली. पाय, कंबर, खांदा, श्वास. वेळ जास्त लागला. जमादारसाहेब कुरकुरले, पण शिकली पोरं. लढाईत जाणाऱ्या पोराला स्वतःचा जीव वाचवता आला पाहिजे, एवढं मी देवाला सांगून ठेवलं होतं. ह्यापेक्षा मोठं समर्थन माझ्याजवळ तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही.

पुढं त्यांचा ड्राफ्ट, म्हणजे तयार पोरांची तुकडी, इटलीला गेला. बेळगाव स्टेशनावर दोघं एका खिडकीत होते. मारुती ओरडला, “पाद्री उस्ताद, जत्रंला येतोच आमी!” मी काठी वर केली.

मारुती परत आला नाही.

लढाई संपल्यावर शिवा डिस्चार्ज घेऊन थेट माझ्याकडं निपाणीला आला. अंगात तोच युनिफॉर्म, छातीवर फीत. म्हणाला, “उस्ताद, माझ्यासंगं चला. थोरल्या आप्पांच्या दारात येकट्यानं जाववत न्हाई.” तार वाडीत आधीच पोचली होती. तिच्यामागोमाग कुजबूजही पोचली होती. दोन घरांचं वैर, एकच पलटण, एक मेला, एक जिवंत. लढाईत कुणाची गोळी कुणाला लागली हे कोण बघतंय? शिवाच्या आईनंच त्याला हे कळवलं होतं. वाडीत राहायचं तर त्याला त्या दारात उभं राहून बोलावंच लागणार होतं, आणि म्हातारबांनी ‘ह्यानंच मारला’ म्हटलं असतं तर त्याचे भाऊ आणि मारुतीचे भाऊ दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडी घेऊन निघाले असते.

सर्व्हिस मोटारीनं कोगनोळीला उतरलो आणि चालत गेलो. म्हातारबा सोप्यात बसले होते. अंगणात माणसं जमली. मारुतीचे दोन भाऊ दाराच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. शिवा उंबऱ्याबाहेर थांबला, सावधानमध्ये.

म्हातारबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“माझा मारुती कुठाय रं?”

शिवानं रिपोर्ट द्यावा तसा दिला. “नदी हुती, आप्पा. दोनी काठांना उंच बांध. आमचं सेक्शन पयलं. अण्णा लान्स नाईक, सगळ्यांच्या पुढं. पलीकडनं मशीनगन आली. पोटात लागली. मी वढत बांधाच्या अलीकडं आणलं. पाणी मागिटलं. दिलं. मग गेला.” इथवर आवाज सरळ होता. पुढं फुटला. “त्येला संबाळायचं काम माझंच हुतं, आप्पा. माझ्याच्यानं झालं न्हाई.”

मी मागं उभा होतो. आमच्या शास्त्रातल्या त्या थोरल्या भावालाही देवानं हेच विचारलं होतं, भाऊ कुठं आहे म्हणून. तो म्हणाला, मला काय माहीत, मी काय त्याचा राखणदार आहे? त्या प्रश्नाला सरळ उत्तर देणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. तो ख्रिस्ती नव्हता. मी स्वतः तसं उत्तर कधी दिलं असतं का, ह्याची मला खात्री नाही.

म्हातारबा डाव्या हातानं खांब धरून उठले. उजवा हात तसाच लोंबत होता. उंबऱ्यापर्यंत आले. शिवाच्या डोक्यावर डावा हात ठेवला आणि आत बघून सुनेला म्हणाले, “पाणी दे ह्येला हातपाय धुवाय. लांबनं आलाय. जेवाय वाढ.”

आणि मग ते रडले. मुलाच्या मरणाची तार आल्यावर रडले नव्हते म्हणे. मारुतीचे भाऊ दारातून बाजूला झाले. मीही रडलो, मला त्याची लाज नाही.

मारुती तिकडंच आहे, त्या नदीकाठी कुठंतरी. दर रविवारी आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मृतांसाठी प्रार्थना होते तेव्हा मी त्याचं नाव मोठ्यानं सांगतो, आणि ज्यानं ती मशीनगन चालवली त्या जर्मनासाठीही मनात दोन शब्द बोलतो. त्यालाही भीती वाटत असणार आणि वरून ऑर्डर असणार. नवे पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, आले तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “हवालदारसाहेब, हे मारुती कुठल्या चर्चच्या मंडळीतले?”

मी म्हणालो, “आमच्या स्क्वॉडातला आहे. लिहून घ्या.”

त्यांनी लिहून घेतलं.